पिवळ्या तुझ्या, पांढऱ्या कुणाच्या?

मावशींना मी तीन वर्षांत कधी सलग पाच मिनिटं बसलेलं पाहिलं नव्हतं. चहासुद्धा त्या उभ्यानं घ्यायच्या, एका हातात कप आणि दुसऱ्या हातानं ओट्यावर फडकं फिरवत. पायाला भिंगरी म्हणतात ती त्यांच्या होती. माझ्याही होती, पण माझी टेबलाखाली फिरायची. बसल्या जागी माझा गुडघा हलत राहायचा, इतका की शेजारच्याच्या पेल्यातलं पाणी हिंदकळायचं आणि तो पेला उचलून पलीकडे ठेवायचा. बोलायचा काही नाही.

आमची प्रयोगशाळा फळमाश्यांची. पिकल्या केळ्याभोवती घोंगावतात ना, त्या चिलटाएवढ्या माश्या. वरच्या मजल्यावर आम्ही त्यांचा अभ्यास करायचो आणि खाली तळघरात मावशी त्यांचा स्वयंपाक करायच्या. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्ट करायची एक पांढरी पूड, असं सगळं मोठ्या पातेल्यात तासभर ढवळायचं, मग बोटाएवढ्या काचनळ्यांत दोन-दोन बोटं ओतायचं, निवलं की त्यात माश्या सोडायच्या आणि वर कापसाचा बोळा लावायचा. दिवसाला तीनशे नळ्या. एक माशी मोकळी सुटत नसे असं मात्र नाही, आमच्या सगळ्यांच्या चहात केव्हा ना केव्हा माशी पोहून गेलेली होती.

मावशी मुळात फरशी पुसायला लागल्या होत्या. माश्यांचा स्वयंपाक करणारा माणूस एकदा आजारी पडला, पातेलं तीन दिवस करपत राहिलं, तेव्हा यांनी झाडू भिंतीला टेकवून पळी हातात घेतली. त्याला बावीस वर्षं झाली. त्यांचे यजमान बस चालवायचे, आता गुडघे गेल्यामुळे घरी होते. लोक कामधंदा नसला की माश्या मारत बसतात आणि आमच्या हिला माश्या जगवायचा पगार मिळतो, हा विनोद ते शेजारीपाजारी बावीस वर्षं करत होते, आणि शेजारी अजून हसत होते. लेकीचं लग्न होऊन ती दूर होती. ती फोनवर विचारायची, आई, त्या माश्यांचं पुढे करतात काय? मावशींना ते सांगता येत नसे. एकदा त्यांनी वरच्या एका मुलाला विचारलं होतं. "जरा गुंतागुंतीचं आहे, मावशी," असं म्हणून तो नळ्यांचा ट्रे घेऊन गेला. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही, पण तो प्रश्न त्यांनी टाकूनही दिला नव्हता. दर सोमवारी दहाला वर बैठक भरायची, अकरा खुर्च्यांची. त्या वेळी यांचं पातेलं आचेवर असायचं. वरून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला की मावशी मान वर करून छताकडे बघायच्या आणि पुन्हा ढवळायला लागायच्या.

मी आले ती अशा एका वस्तीतून, जिथे माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझं बोलणं वरच्या लोकांसारखं नव्हतं. ते भराभर बोलायचे, अर्धं वाक्य एकानं टाकायचं आणि उरलेलं दुसऱ्यानं उचलायचं, आणि माझं वाक्य जुळेपर्यंत विषय दोन वळणं पुढे गेलेला असायचा. वाईट नव्हतं कोणी. दीड वाजला की सगळे घोळक्यानं जेवायला जायचे आणि त्या घोळक्याला मला हाक मारायचं सुचायचं नाही, एवढंच. मी मानी. हाक मारल्याशिवाय मी कशाला जाऊ? डबा घेऊन मी तळघराच्या जिन्यावर बसायचे आणि हातात काहीतरी वाचायला धरायचे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं की ही कामात आहे. मावशी जिन्यावरून वरखाली करताना मला ओलांडून जायच्या. एकदाच म्हणाल्या, "अगं, निदान आत बैस, ऊब आहे." तेव्हापासून मी आत बसायला लागले.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खाणार होतं. मी माश्यांच्या एका जातीत एक बारीकसा बदल केला होता आणि त्या बदलानं माश्या जास्त दिवस जगतात का, हे बघत होते. बदल केलेल्यांच्या नळ्यांना पिवळी पट्टी, साध्या माश्यांच्या नळ्यांना पांढरी. दोन्हींना सगळं सारखं द्यायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार ताज्या नळीत बदलायच्या, आणि मी किती उरल्या ते मोजायचं. बदलायचं काम मावशींचं. कोणत्या नळ्या कधी बदलायच्या याचा कागद भिंतीला लावलेला असायचा. त्या कोणाच्या आणि कशासाठी, हे त्या कागदावर नसायचं.

पहिल्या खेपेला पिवळ्या माश्या बारा दिवस जास्त जगल्या. मला झोप येईना. पुन्हा केला प्रयोग, पुन्हा बारा. तिसऱ्यांदा तेरा. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि शोधनिबंध लिहायला सांगितलं. हा निबंध छापून आला तर माझी पदवी, तिथली आणखी दोन वर्षं आणि त्या अकरा खुर्च्यांतली माझी खुर्ची पक्की. नाही आला तर पुढच्या उन्हाळ्यात सामान बांधायचं आणि घरी जाऊन सांगायचं की जमलं नाही. घरून मला पाठवताना बाबांनी लोकांचं काय काय ऐकून घेतलं होतं ते मला माहीत होतं. त्यामुळे माझा जीव पिवळ्या नळ्यांना टांगलेला होता. दिवसातून चार वेळा मी खाली जाऊन त्या बघायचे, उघडायचे नाही, नुसत्या बघायचे, आणि परत वर यायचे.

त्याच सुमारास अनुदानाचा एक अर्ज आला. त्यात एक पान होतं. तुमच्या संशोधनगटात निरनिराळ्या थरांतली, निरनिराळ्या प्रकारची माणसं कशी सामावून घेतली जातात, ते उदाहरणांसह लिहा. सर त्या पानावर आठवडाभर अडकले. मी त्या पानावर दोनदा होते, एकदा बाई म्हणून आणि एकदा घरातली पहिली शिकलेली म्हणून. तरीही पान अर्धं रिकामं. मग आमच्यातला एक म्हणाला, मावशी आहेत की. या मुलाला सगळे ताडमाड म्हणायचे, कारण दारातून येताना त्याला मान खाली घालावी लागायची. सरांना ते पटलं. पुढच्या सोमवारी मावशींना बैठकीला बोलवायचं आणि फोटो काढायचा, असं ठरलं. बोलवायला सर खाली आले नाहीत, निरोप माझ्याबरोबर पाठवला. उंटावरून शेळ्या हाकायची त्यांना सवयच होती.

मावशींनी त्या सोमवारी पहाटे येऊन पातेलं आधीच उरकलं. नेहमीचा डाग पडलेला अंगरखा काढून ठेवला, केस पाण्यानं चापून बसवले. त्यांच्यासाठी बाराव्या खुर्चीची सोय कोणी केली नव्हती, ताडमाड शेजारच्या खोलीतून एक आणून दाराजवळ ठेवून गेला. फोटो निघाला. फोटो झाल्यावर आता मावशी उठून जातील असं सगळ्यांना वाटलं असावं, कारण सर दोनदा दाराकडे बघून हसले. त्या उठल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्या अशा बसल्या होत्या की हलवायला क्रेन लागली असती.

त्या दिवशी निबंधाचं बोलायची पाळी माझीच होती. मी पडद्यावर आलेख लावला. दोन रेघा डावीकडून निघतात, पांढऱ्या माश्यांची लवकर खाली येते, पिवळ्यांची बराच वेळ वर राहून मग उतरते. मी पाठ केलेलं बोलत होते. पांढऱ्या माश्या तिसऱ्या दिवशी पातळ झालेल्या अन्नात चिकटून मरतात, पिवळ्या चिकटत नाहीत, कारण त्या मुळात दणकट असतात, असं एक अख्खं पान मी लिहिलं होतं. त्या पानाचा मला अभिमान होता.

मावशी पुढे वाकल्या होत्या. रेघेवर त्यांची नजर खिळली होती. बावीस वर्षं रांधलेल्या अन्नाचं पुढे काय होतं ते त्यांना पहिल्यांदा दिसत होतं.

"पांढऱ्यासुद्धा हिच्याच?" त्यांनी विचारलं. मला नाही, सगळ्यांनाच.

सर म्हणाले, हो, तुलनेसाठी. दोन्हींना अगदी सारखं ठेवतात.

"सारखं कुठे ठेवलं?" मावशी म्हणाल्या. "पिवळ्यांना मी रोज ताजं घालत होते. अन्न पातळ व्हायच्या आधी. ही म्हणाली होती ना, मावशी, पिवळ्यांवर माझं सगळं आहे, त्यांना जपा. मला वाटलं, पिवळ्या हिच्या, पांढऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी."

ताडमाड हसला, पण ते हसू घाबरल्याचं होतं. मावशींनी आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं, आपण काहीतरी मोडलंय हे त्यांना कळलं, काय मोडलंय ते पुरतं कळलं नाही. "पातेलं बघते," असं म्हणून त्या उठून गेल्या. पातेलं तर त्या पहाटेच घासून आल्या होत्या.

बैठक संपल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं. आवाज मऊ होता. मावशींचं वय झालंय, त्यांना नक्की आठवतच असेल असं नाही, कधीतरी एखाद्या दिवशी केलं असेल, तेवढ्यानं तेरा दिवसांचा फरक पडत नाही. लगेच घाबरून जाऊ नकोस. एवढंच म्हणाले. मला कळत होतं की ते दार उघडं ठेवतायत. मी त्या दारातून गेले असते तर कोणी अडवलं नसतं. खरं सांगते, मी पाऊल उचललंही होतं.

पण आधी मला भांडायचं होतं. तळपायाची आग मस्तकाला गेली होती. मी खाली गेले आणि दारातूनच सुरू केलं. माझी तीन वर्षं घालवलीत, कोणी सांगितलं होतं तुम्हाला नसता शहाणपणा करायला, भिंतीवर कागद लावलाय तो वाचता येत नाही का. असं बरंच. वयानं आईएवढ्या बाईला मी असं बोलले, हे लिहितानाही कान गरम होतात. त्यांनी ऐकून घेतलं. मग चुलीशेजारच्या फळीवरून एक वही काढून माझ्या हातात ठेवली. जुन्या दैनंदिनीची वही, कडा अन्नानं कडक झालेल्या. ती वही मी तीन वर्षं बघत होते, तिच्याच शेजारी माझा डबा ठेवत होते, आणि ती किराण्याची असावी असं धरून चालले होते.

आत प्रत्येक दिवसाची ओळ होती. कोणता ट्रे, किती नळ्या, अन्न घट्ट की पातळ, किती माश्या चिकटल्या. आणि माझ्या ट्रेपुढे मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी एकच नोंद, तिन्ही खेपांत, एकही दिवस न चुकता. पिवळ्या, ताजं.

"तू सांगितलं असतंस ना, की दोन्ही तुझ्या आहेत," मावशी म्हणाल्या, "तर दोन्हींना घातलं असतं. नाही तर दोन्हींना नसतं घातलं. मला काय त्याचं? मला कोणी सांगितलंच नाही तुम्ही बघताय काय ते."

'पिवळ्यांना जपा' हे मीच म्हणाले होते, इथेच, या ओट्याजवळ, डबा उघडता उघडता. का म्हणाले, तर बोलायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून. त्यांच्याशी मी घरच्यासारखी बोलले, आणि कामाचं मात्र एक अक्षर सांगितलं नाही. मला जे वर मिळत होतं तेच मी खाली देत होते. ही गोष्ट मला फार लागली. मी त्यांची माफी मागितली की नाही, ते मला आठवत नाही. बहुधा रडले.

ती वही घेऊन मी सरांकडे गेले. वही उघडल्यावर उघडं ठेवलेलं दार बंद झालं, ते त्यांनाही दिसलं. बराच वेळ ते पानं चाळत राहिले. शेवटी म्हणाले, चार महिने देतो, पुन्हा कर.

मी मावशींना सगळं सांगितलं. ओट्यावर पिठात बोटानं रेघा काढून सांगितलं, दोन दिवस लागले. जे त्यांना समजायला अवघड जाईल असं मला वाटलं होतं ते त्यांना लगेच समजलं, आणि जे मी सोपं समजत होते त्यावर त्यांनी असे प्रश्न विचारले की मला वर जाऊन पुस्तकं उघडावी लागली. मग त्यांनी अट घातली.

"काय चाललंय ते सगळं सांग. कोणत्या तुझ्या, ते मात्र सांगू नकोस. माझा जीव अडकतो."

पट्ट्या गेल्या, नळ्यांवर नुसते आकडे आले. कोणता आकडा कुठल्या माश्यांचा, ती यादी ताडमाडच्या खणात कुलपात. मलाही बघायची नाही, कारण माझाही जीव अडकलेला होताच. नळ्या मावशी बदलायच्या, मोजणी दोघींनी वेगवेगळी करायची आणि ताडमाडनं ताडून बघायची. त्यासाठी तो आठवड्यातून तीनदा खाली यायला लागला. पहिल्यांदा आला तेव्हा तळघराच्या दाराला डोकं आपटून घेतलं. मावशींनी दुसऱ्या दिवशी चौकटीवर एक फडकं बांधून ठेवलं.

ते चार महिने मी कसे काढले ते मला माहीत. कुठल्या नळीकडे आशेनं बघावं तेच कळत नसे. रात्री अंथरुणात आकडे दिसायचे. मावशींनाही चैन पडत नसे, पण त्यांची तगमग वेगळी होती. चिकटलेली माशी दिसली की त्यांचा हात पुढे व्हायचा आणि त्या तो दुसऱ्या हातानं धरून ठेवायच्या. मंगळवारी तर त्या तळघरात थांबायच्याच नाहीत, गच्चीवर जाऊन बोळे वाळवत बसायच्या. मोजणीत मात्र माझ्या सतरा चुका निघाल्या, त्यांच्या दोन.

शेवटची माशी मेली त्या शुक्रवारी ताडमाडनं खण उघडला. आम्ही तिघांनी ओट्यावरच आलेख काढला. दोन रेघा निघाल्या आणि एकीवर एक बसल्या. कुठे फटसुद्धा नाही. बारा दिवस नव्हते, तेरा नव्हते, काहीच नव्हतं. माझ्या बदलानं माशीच्या आयुष्यात काडीचाही फरक पडत नव्हता. मावशींनी कागद उलटा करून बघितला, मागे काही आहे का म्हणून. मग माझ्याकडे न बघता त्यांनी शेगडी पेटवली.

सोमवारी हे वर सांगायचं होतं. अनुदान मंजूर झालं होतं, माहितीपत्रकात तो फोटो छापूनही आला होता, मावशी मधोमध. बैठकीच्या खोलीत मात्र खुर्च्या पुन्हा अकरा. बारावी जिथून आणली होती तिथे परत गेली होती. मी कागद हातात घेऊन दारात उभी राहिले, सर म्हणाले, सुरू कर. मी म्हणाले, अजून एक जण यायचंय. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोण, ते ताडमाडला कळलं आणि तो खुर्ची आणायला उठला. मी खाली गेले.

मावशींचं पातेलं ऐन आचेवर होतं. हात काढला तर खाली लागणार. त्या येणार नाहीत म्हणाल्या, दिवसाच्या तीनशे नळ्यांचं काय. मी त्यांच्या हातातली पळी घेतली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

"मोजल्यात तुम्ही. तुम्ही सांगा. मी ढवळते."

यात सगळाच मोठेपणा नव्हता. मोडलेला प्रयोग घेऊन त्या लोकांसमोर उभं राहायचं माझ्या जिवावर आलं होतं, हेही खरं. मावशींनी हात पुसले, कागदाची सुलटी बाजू कोणती ते विचारून घेतलं आणि जिना चढून गेल्या. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी छताकडे बघत ढवळत राहिले. काही ऐकू येईना. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पातेल्यात गुठळ्या व्हायला लागल्या, एकीकडे फोडावी तर दुसरीकडे तीन. दोनदा मी पळी टाकून जिन्यापर्यंत गेले आणि करपल्याच्या वासानं परत आले.

मावशी आल्या त्या नेहमीच्याच चालीनं. आधी त्यांनी पातेल्यात डोकावून तोंड वाकडं केलं.

काय झालं, मी विचारलं. सरांनी मोजणीचं विचारलं, म्हणाल्या, ते सांगितलं. फरक नाही हेही छापता येतं, वही जोडून छापू, दोघींच्या नावानं, असं ते म्हणाले. तुला आणखी चार महिने ठेवून घेता येतं का ते बघतो म्हणाले, नक्की काही नाही. मग ताडमाडनं एक विचारलं. आधी पिवळ्यांना रोज ताजं घालत होतात, ते फक्त हिनं सांगितलं म्हणूनच का?

"मग?"

मावशींनी पळी माझ्या हातून काढून घेतली.

"म्हटलं, तिनं सांगितलं नसतं तरी घातलं असतं. एवढ्या माणसांत ती पोर एकटी जेवत होती, तिचं काहीतरी जगू दे, म्हटलं."

आधी जिन्यावर आणि मग इथे आत, तीन वर्षं मी हातात कागद धरून बसले होते, आणि मला वाटत होतं की ते कोणाला दिसत नाही.

"मग काय म्हणाले ते?"

"काही नाही. सगळे टेबलाकडे बघत बसले." त्यांनी पळीनं तळ खरवडून पाहिला. "सरक जरा, खाली लागलंय."